दहाच्या दहा

वेरूळच्या पंधराव्या लेण्याला दशावतार म्हणतात, पण त्यात दहा अवतार कोरलेले नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरवरचे हे दुमजली लेणे. वरच्या मजल्यावरच्या विस्तीर्ण सभामंडपात दक्षिणेकडच्या भिंतीवर विष्णूचे मोठे शिल्पपट ओळीने आहेत : गोवर्धन उचलणारा कृष्ण, शेषशायी, गरुडावर बसून गजेंद्राच्या सुटकेला आलेला विष्णू, वराह, त्रिविक्रम आणि नरसिंह. यांतले अवतार मोजले तर चार भरतात. या पटांत मत्स्य नाही, कूर्म नाही; परशुराम आणि राम नाहीत; बुद्ध नाही आणि कल्कीही नाही. उत्तरेच्या भिंतीवर शिव आहे, मागच्या भिंतीवर बहुतांशी शिवच आहे आणि गाभाऱ्यात शिवलिंग आहे. पुढे १२०० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मार्च २०१७ मध्ये, ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्या मेटल बँडने ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. त्यात दहा गाणी आहेत, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक. विद्युत गिटारी, दुहेरी बेस ड्रमचा मारा आणि घशातून काढलेली गुरगुर यांच्या या अल्बमला महाराष्ट्राच्या दशावताराच्या इतिहासात जागा आहे, असे मला येथे मांडायचे आहे. ती जागा त्याने विषय उचलला म्हणून मिळत नाही. दगडाने आणि रंगभूमीने जे अवतार सोडून दिले, त्यांचीही जबाबदारी या अल्बमने घेतली, म्हणून ती मिळते. आणि नवव्या अवतारापाशी जी अडचण या परंपरेला शतकानुशतके सोडवता आली नाही, तीच अडचण या अल्बमलाही आली आहे.

आधी लेण्यातली निवड नीट पाहू. या लेण्याच्या अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा संस्कृत शिलालेख आहे. त्यात या घराण्याची वंशावळ दिली आहे. कोल्हापूरकडच्या सामानगडाच्या ताम्रपटामुळे दंतिदुर्गाचा काळ इ.स. ७५३ च्या आसपास पक्का धरता येतो. बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडून दख्खन हाती घेणारा हा राजा. लेण्यातला प्रत्येक पट त्याच्याच आज्ञेने कोरला गेला असे म्हणायला शिलालेखात आधार नाही, पण लेणे त्याच्या काळाशी बांधलेले आहे. वराह पृथ्वीला वर काढतो, त्रिविक्रम तीन पावलांत जग व्यापतो, नरसिंह माजलेल्या राजाला संपवतो. तिन्ही अवतार भूमी जिंकण्याचे आणि सत्ता उलथवण्याचे आहेत. हेच तिघे बदामीच्या तिसऱ्या लेण्यातही भव्य आकारात भेटतात आणि ते लेणे चालुक्य मंगलेशाने करवून घेतलेले, इ.स. ५७८ चे आहे. वराह तर चालुक्यांचे राजचिन्हच होते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत घराणे बदलले, धर्मस्थानाचा मुख्य देव बदलला, तरी दख्खनच्या खडकाने निवडलेले अवतार बदलले नाहीत. याला राजकीय कारण आहे, तसे कारागिरीचेही आहे. उचललेला पाय, वळलेली कंबर, शत्रूच्या खांद्यावर पडलेला पंजा हे शिल्पकाराच्या हाताला आव्हान देणारे क्षण आहेत. पंधराव्या लेण्यातला हिरण्यकशिपू अजून मांडीवर आडवा पडलेला नाही. तलवार आणि ढाल घेऊन तो उभा आहे आणि झुंज चालू आहे. मासा किंवा कासव यांतून असा क्षण काढणे अवघड. दगडाने आपल्याला जमणारे आणि आश्रयदात्याला भावणारे अवतार घेतले आणि बाकीचे मागे राहिले.

कोकणात हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. सिंधुदुर्गातल्या आणि लगतच्या गोव्यातल्या देवळांच्या जत्रांत दशावतारी नाटक होते. रात्र चढली की गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, ब्रह्मदेव येतो, मग काळ्या वेषातला संकासुर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. हा झाला पूर्वरंग. त्यानंतर पहाटेपर्यंत जे आख्यान रंगते ते रामायण, महाभारत किंवा पुराणातले कुठलेही असू शकते. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर, लिहिलेल्या संहितेशिवाय, नट स्वतःच्या वाचेवर रात्र पेलतो. या खेळातही दहा अवतार क्रमाने रंगमंचावर येत नाहीत. मत्स्यावताराची कथा संकासुराच्या निमित्ताने येते आणि बाकीच्यांना कथानकात वाव मिळाला तर मिळतो. शिवाय प्रेक्षक ज्याची वाट पाहतात तो संकासुर असुर आहे. त्याची बोली, त्याची टिंगल, त्याचे देवाशी भांडण यात लोकांना रस असतो. रंगभूमीला संघर्ष लागतो, बोलणारा प्रतिपक्ष लागतो. जिथे तो नाही तो अवतार रात्रभर टिकत नाही.

दहाही अवतारांना समान हिस्सा देणारी महाराष्ट्रातली जुनी कला म्हणजे सावंतवाडीची पत्त्यांची गंजिफा. चिताऱ्यांनी रंगवलेली ही गोल पाने दहा रंगांत विभागलेली असतात, एकेका अवताराचा एकेक रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे जोडात १२० पाने. दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. पण त्या मानापलीकडे मासा, कासव आणि बुटका बटू यांची पानसंख्या नरसिंहाइतकीच असते. चिताऱ्याला एखादा अवतार आवडो न आवडो, त्याची बारा पाने रंगवावीच लागतात, नाहीतर खेळ मोडतो. पूर्णतेची ही सक्ती नियमातून आली आहे, आणि माझ्या मते मुंबईच्या अल्बमचे सर्वांत जवळचे नाते वेरूळपेक्षाही या पानांशी आहे. गीतांची मालिका एका संकल्पनेत बांधायची, तिचे नाव ‘दशावतार’ ठेवायचे, म्हणजे दहाव्या गाण्यापर्यंत जावेच लागते. चार जोरकस गाणी करून थांबता येत नाही.

हा बँड कुठून आला हेही पाहायला हवे. इंग्रजी रॉकची मुंबईतली चळवळ १९८० च्या दशकात आकाराला आली. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ उभा राहिला, तोच पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम होऊ लागले आणि महाविद्यालयीन पोरांची एक पिढी तिथे घडली. पुढे रुग्णालये आणि महाविद्यालयांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि ते खुले नाट्यगृह या संगीताला बंद झाले. याच शहरात, २००० साली, साहिल माखिजा या तरुणाने ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ सुरू केला आणि ‘डिमनस्टीलर’ हे टोपणनाव घेतले. त्याच वर्षी पहिला अल्बम आला. मग २००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आणि २०१४ मध्ये ‘द डिमन किंग’. कॅन्डललाइट या ब्रिटिश कंपनीने त्यांचे संगीत परदेशात नेले आणि २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या लंडनच्या मासिकाने त्यांना गौरवले. या पहिल्या चार अल्बमांतले जग अंधार, राक्षस आणि कल्पित राज्ये यांचे होते. त्या कथा युरोपीय मेटलच्या मुशीतून आल्या होत्या. पाचवा अल्बम ‘दशावतार’. ज्येष्ठ बँडच्या उत्तरकाळातले हे काम : सतरा वर्षे वाजवून झाल्यावर तो घरच्या कथेकडे वळला.

इथे पहिला आक्षेप येतो : सतरा वर्षांच्या बँडला ज्येष्ठ म्हणायचे आणि पाचव्या अल्बमला उत्तरकाळातला, हे अतिशयोक्तीचे नाही का? बर्मिंगहॅमचा ‘ब्लॅक सॅबथ’ १९७० च्या पहिल्या अल्बमनंतर ४३ वर्षांनी, २०१३ मध्ये ‘१३’ घेऊन आला. ‘ज्युडास प्रीस्ट’ने स्थापनेनंतर जवळपास चार दशकांनी, २००८ मध्ये, ‘नॉस्त्राडेमस’ हा एकाच व्यक्तीवरचा दुहेरी अल्बम केला. ‘आयर्न मेडन’चा ‘सेंजुत्सु’ २०२१ चा, म्हणजे बँड सुरू झाल्यापासून ४६ वर्षांनी. त्यांच्यापुढे सतरा वर्षे म्हणजे तारुण्यच. पण वय मोजायचे ते त्या व्यवसायाच्या मातीत. भारतात या संगीतावर पोट भरत नाही. वादक नोकरी धरतात, शहर सोडतात, बँड मोडतो. ज्या मोजक्या बँडांनी पाच पूर्ण अल्बम काढले त्यांत हा एक. सदस्य बदलत गेले, संस्थापक टिकला. शिवाय उत्तरकाळ ओळखण्याची वर्षांपेक्षा महत्त्वाची खूण म्हणजे आपल्याच जुन्या यशाकडे पाहण्याची पद्धत. वेरूळलाच याची दोन उदाहरणे आहेत. कैलासानंतर कोरलेल्या जैन लेण्यांपैकी ३० वे, छोटा कैलास, मोठ्या कैलासाची लहान प्रत काढायला निघाले आणि अपुरे राहिले. ३२ वे, इंद्रसभा, आपल्या परंपरेच्या प्रतिमा घेऊन उभे राहिले आणि आजही पाय थांबवते. उशिरा आलेल्या कामाचा कस त्याच्या उशिरा येण्यावर ठरत नाही. ‘दशावतार’ने ‘डार्कनेस’ची आणखी एक प्रत काढली असती तर ते छोटे कैलास झाले असते. तसे झाले नाही.

दहाच्या दहा अवतार घ्यायचे ठरल्यामुळे बँडवर काय वेळ आली याचा विचार करावा. नरसिंह, परशुराम आणि कल्की मेटलच्या अंगणात आपोआप येतात. फाडलेले पोट, परशू, जगाचा अंत : या संगीतप्रकाराने ज्यांवर आपली ओळख उभारली तेच हे विषय. कल्की तर लेण्याने टाळलेला अवतार, कारण जे अजून घडले नाही त्याला आठव्या शतकातल्या राजाच्या विजयकथेत स्थान नसावे. उलट शेवटाची कथा सांगणे ही मेटलची जुनी सवय आहे. पण पाठीवर पर्वत घेऊन निमूट बसणारा कूर्म, भिक्षा मागणारा वामन आणि शस्त्र न धरणारा बुद्ध यांचे काय करायचे? वेरूळच्या शिल्पकाराने वामनाला सोडून त्रिविक्रमाचा क्षण पकडला, बुटक्याऐवजी विराट रूप घेतले. अल्बमला संख्येच्या नियमातून सुटका नव्हती. गुरगुरीसोबत स्वच्छ गळ्याचे गायन आणि भारतीय वाद्यांचे रंग यांचा वापर या बँडला दर वेळी एकाच आवेगात राहण्यापासून वाचवतो. सलग ऐकताना काही गाणी एकमेकांसारखी वाटतात, हेही खरे. तरीही गंजिफाच्या चिताऱ्याप्रमाणे या बँडला जमणाऱ्या आणि न जमणाऱ्या दोन्ही अवतारांना सारखा वाटा द्यावा लागला.

दुसरा आक्षेप कानांचा आहे. देवाचे नाव घ्यायचे आणि ते कर्कश गुरगुरीत घ्यायचे, हे भक्तीला सोडून आहे असे अनेकांना वाटेल. भजन आणि कीर्तनावर वाढलेल्या कानाला तसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या कानाला मी चुकीचे म्हणणार नाही. पण दशावताराच्या परंपरेत सौम्य रूपे आहेत तशी उग्रही आहेत. नरसिंहाचे उग्र रूप शांत व्हावे म्हणून देवांना विनवण्या कराव्या लागतात, असे पुराणे सांगतात. पंधराव्या लेण्यात नरसिंहाच्या समोरच्या भिंतीवर अंधकासुराला मारणारा भैरव आहे. त्याची चर्या पाहून मनात सौम्यता येत नाही, येऊही नये. कोकणातल्या रात्रीत संकासुराची आरोळी झोपलेल्या मुलांना जागे करते आणि तीही देवळाच्या आवारातच घुमते. क्रोध, भय आणि अद्भुत यांना या भूमीच्या धर्मकलेत जागा होती. ज्याला ती जागा नको असेल त्याला अल्बम आवडणार नाही, पण मग त्याला लेण्याचा अर्धा भागही सोडून द्यावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शब्द इंग्रजीत, बाजार युरोपचा. मग अवतार म्हणजे परक्या श्रोत्यांसाठी केलेली सजावटच ना? आणि २०१७ च्या भारतात पुराणकथा हाती घेणे म्हणजे एका राजकारणाला बळ देणे नाही का? पहिल्या भागाला उत्तर कालक्रमात आहे. युरोपात ओळख मिळवताना या बँडने अवतार वापरले नव्हते. कॅन्डललाइट आणि ‘मेटल हॅमर’चा गौरव आले ते अंधाराच्या कल्पित कथांवर. सजावट विकायची असती तर ती दहा वर्षे आधी विकली असती. दुसऱ्या भागाला उत्तर देताना जपून बोलायला हवे. पुराणकथा राजकारणाच्या हाती लागते, दंतिदुर्गाच्या काळातही लागली होती. पण कथा घेणारा प्रत्येक जण तिच्या मालकीचा दावा करतो असे नाही. याच माखिजाने २०२३ मध्ये डिमनस्टीलर या नावाने ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम काढला आणि त्याचा रोख नावापासूनच प्रचारयंत्रणेवर आहे. दोन्ही अल्बम एकाच माणसाचे आहेत, म्हणून ‘दशावतार’ला एखाद्या घोषणेचा भाग समजणे पुराव्याला धरून नाही. शिवाय वेरूळमध्ये विष्णूचे अवतार शिवाच्या घरात उभे आहेत आणि मागच्या भिंतीवर लिंगोद्भवाच्या पटात विष्णू वराह होऊन शिवाच्या ज्योतीचा तळ शोधतो आहे. अवतारांची कथा एका पंथाच्या किल्लीने बंद करता येत नाही, हे या जिल्ह्यातला दगडच सांगतो.

राहिला नववा अवतार, आणि इथे मात्र आक्षेप खोडता येत नाही. बुद्धाला विष्णूच्या अवतारांत बसवण्याची रीत जुनी आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने १०६६ च्या सुमारास रचलेल्या ‘दशावतारचरिता’त तो आहे, बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त आहे. पण का आहे याची उत्तरे परस्परविरोधी आहेत. काही पुराणे म्हणतात, असुरांना भुलवून वेदांपासून दूर नेण्यासाठी. जयदेव म्हणतो, यज्ञातल्या पशूंवरच्या करुणेमुळे. महाराष्ट्रात आणखी निराळी वाट निघाली. इथल्या पंचांगांवर आणि दशावताराच्या चित्रांत नवव्या जागी अनेकदा विटेवरचा विठ्ठल असतो, आणि पैठणच्या एकनाथांसह अनेक संतांनी पांडुरंगाला बौद्ध अवतार म्हटले आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या धाग्यांचा कसून शोध घेतला आहे. आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे ठामपणे नाकारते. छत्रपती संभाजीनगरात या प्रतिज्ञेला विशेष वजन आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. हे शहर नववा अवतार सहज म्हणून ऐकत नाही.

या अल्बमने बुद्धाच्या गाण्याला दिलेल्या उपशीर्षकात त्याला शिक्षक म्हटले आहे. पुराणातल्या भुलवणाऱ्या बुद्धापेक्षा ही भूमिका कितीतरी सन्मानाची आहे आणि बुद्धाला मार्गदाता मानणाऱ्या आंबेडकरी विचाराच्या ती पुष्कळ जवळ जाते. तरीही ती मालिकेतल्या नवव्या क्रमांकावर राहून म्हटलेली आहे. दहाचा नियम पाळायचा तर ती जागा भरावी लागते, आणि ती भरली की बुद्ध दुसऱ्या कुणाचे तरी रूप ठरतो. ज्या पूर्णतेमुळे अल्बमला मोल आले, त्याच पूर्णतेची ही किंमत आहे. वेरूळच्या शिल्पकारांनी हा गुंता निराळा हाताळला. पंधराव्या लेण्यात बुद्ध अवतार म्हणून आलाच नाही, आणि तिथून थोड्या अंतरावर बाराव्या लेण्यात, तीन तालात, वरच्या मजल्यावर सात मानुषी बुद्ध रांगेने बसले आहेत. ते कुणाचे अवतार नाहीत. ते आपल्या परंपरेत, आपल्या क्रमात बसले आहेत. हे मुद्दाम ठरवून झाले असे मी म्हणत नाही. पण परिणाम असा झाला की दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या आणि एकीने दुसरीला आपल्या मोजणीत ओढले नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या दशावताराचा इतिहास कुणी लिहायला बसला, तर त्याने वेरूळच्या भिंती, कोकणातली जत्रेची रात्र, सावंतवाडीची पाने आणि पंचांगावरचा विठ्ठल यांच्यासोबत मुंबईचा हा अल्बमही घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. इतिहासकार लोकपरंपरा आणि शिल्प यांना कागदपत्र मानतो. ध्वनिमुद्रणाला, त्यातही तरुणांच्या इंग्रजी संगीताला, ती प्रतिष्ठा द्यायला आपण अजून कचरतो. तशी प्रतिष्ठा देणे म्हणजे गुणगान करणे नव्हे. तिच्यासोबत हिशेबही यायला हवा : या माध्यमाने कोणते अवतार सांभाळले, कोणते त्याच्या हातून निसटले, आणि नवव्या जागी बसवताना ज्यांच्या श्रद्धेला धक्का लागतो त्यांना विचारले का. पंधराव्या लेण्याला आपण हे प्रश्न विचारतो. सतरा वर्षे निष्ठेने वाजवणाऱ्या बँडच्या कामालाही ते विचारावेत, कारण ज्या कामाला असे प्रश्न विचारता येतात तेच परंपरेत टिकते.